फॉरमॅट मारू का, सर?



दोन महिने झाले, इथे काही लिहिलं नाही. अमरावतीच्या पुतणीचा परवा फोन आला, "काका, तब्येत बरी आहे ना? ब्लॉगवर काहीच नाही तुमचं." तब्येत ठणठणीत आहे. आजारी होता तो कॉम्प्युटर. म्हणजे त्याची हार्ड डिस्क. ती आता गेली, पण जाता जाता मला जो धडा देऊन गेली तो आज लिहायला घेतला आहे. जरा रागानंच लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हेही सांगून ठेवतो.

घडलं ते असं. मे महिना. वाशिमच्या उन्हाचं वर्णन मी वेगळं करायला नको. सकाळी मशीन सुरू केलं तर आतून आवाज यायला लागला. टक्... टक्... टक्... भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखा. विंडोज काही येईना. मग मी काय केलं? बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. असं दहा-बारा वेळा तरी केलं असेल. शेवटी सीपीयू ऑटोत घातला आणि दुकानात नेला. दुकानदार माझाच विद्यार्थी, सातवीत माझ्याकडे मराठी शिकलेला. त्याला म्हटलं, "बाबा, संध्याकाळपर्यंत चालू करून दे."

त्यानं रात्रभर मशीनला दुरुस्तीचा प्रोग्राम लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "सर, बॅड सेक्टर लय झाले. फॉरमॅट मारा लागते. मारू का? नवीन विंडोज टाकून देतो, एकदम फास्ट होते मंग."

मंडळी, खोटं कशाला सांगू, "मार" हा शब्द माझ्या ओठावर आला होता. समोर भिंतीवर हिचा फोटो आहे, त्याकडे नजर गेली आणि अंगावर काटा आला.

नातेवाइकांना माहीत आहे, पण इतरांसाठी सांगतो. आमची ही २०१९ मध्ये गेली. त्याआधी, २००४ ते २००८ ही चार-पाच वर्षं, ती रिसोड आणि मालेगाव तालुक्यातल्या खेड्यांमधून फिरून आयाबायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायची. हातात छोटा टेपरेकॉर्डर, पिशवीत वही. रात्री ती वाचायची आणि मी टंकायचो. सहाशेच्या वर ओव्या आणि त्रेचाळीस रेकॉर्डिंग, सगळं त्या एका डिस्कवर. मूळ कॅसेटी कुठे आहेत म्हणाल, तर २०१२ च्या दिवाळीच्या साफसफाईत मीच त्या भंगारवाल्याला दिल्या. "कॉम्प्युटरात आहेत ना आता," हे माझंच वाक्य. ती तेव्हा काही बोलली नव्हती. वह्या त्याच्या आधीच्या पावसाळ्यात कपाटात भिजून गेल्या होत्या.

दुकानदाराला "थांब" म्हणालो आणि पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी त्याला प्लग काढायला सांगा. बाकी काही बोलू नका." त्या एका वाक्यानं वाचलं ते वाचलं.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्क बिघडली म्हणून जेवढं जातं, त्याहून जास्त बिघाडानंतरच्या आपल्या घाईनं जातं. आणि या घाईला आपल्याकडे "रिपेअरिंग" असं नाव आहे.

या दोन महिन्यांत मला भेटेल त्याच्याकडून तीन वाक्यं ऐकायला मिळाली. तिन्हींवर माझा आक्षेप आहे.

पहिलं वाक्य, "डिस्क गेली सर, आता काही होत नाही." डिस्क अशी एकदम जातेच असं नाही. आत काय असतं ते मी या वयात समजून घेतलं, तुम्हालाही सांगतो. गुळगुळीत तबकड्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणाऱ्या. त्यांच्यावर वाचणारं-लिहिणारं एक टोक असतं, त्याला हेड म्हणतात. ते तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपल्या डोक्याचा केस त्या फटीपेक्षा हजारो पटींनी जाड. टकटक होते याचा बहुतेक वेळा अर्थ असा की हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत. ते मागे येतं, पुन्हा जातं, पुन्हा मागे येतं. अंधारात माणूस चाचपडतो तसं. अशा वेळी ते तबकडीला घासलं तर वरचा लेप खरवडला जातो, आणि ज्या लेपावर आपली अक्षरं असतात तोच हा लेप. एकदा धूळ झाली की आणखी ओरखडे. म्हणजे मी जे दहा-बारा वेळा बंद-चालू केलं, ते आजाऱ्याला उठवून बसवून पुन्हा ढकलण्यासारखं होतं. कोणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण आवाज तर ऐकू येत होता!

गूगल कंपनीच्या लोकांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यांना आढळलं. आपण "गरमीनं गेली" म्हणतो, तर उष्णतेचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट नाही, असंही त्यांनी लिहिलं. माझ्या बाजूनंच बोलायचं तर इथेच थांबायला हवं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. म्हणजे डिस्क सांगते, पण दरवेळी सांगेलच असं नाही. सांगते तेव्हा तरी ऐकावं की नाही?

दुसरं वाक्य, "फॉरमॅट मारला तरी डेटा परत काढता येतो, सॉफ्टवेअर असते." हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यानं नुकसान जास्त होतं. झटपट फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं शिल्लक असतात. तिथे काही परत मिळू शकतं. पण पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, साऱ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो. तिथे पानंच कोरी होतात. आणि झटपट फॉरमॅट करून लगेच नवीन विंडोज टाकलं की जुन्या पानांवर नवा मजकूर छापला जातो. त्याच्या खालचं मग कोणाच्या बापाला वाचता येत नाही. आताच्या एसएसडीत तर मुळात फिरणारं काही नाही, त्यामुळे टकटक नाही, सूचनाही नाही. पुसलेल्या फायलींची जागा ती डिस्क स्वतःच आतून मोकळी करत राहते. तिथे हे वाक्य आणखी खोटं आहे.

तो रात्रभर चालवलेला दुरुस्तीचा प्रोग्राम, त्याचंही तसंच. त्याचं काम फायलींची व्यवस्था नीट लावणं हे आहे. तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. व्यवस्था लावताना तो त्याच आजारी डिस्कवर लिहितो, खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतो. पाय मोडलेल्या माणसाला रात्रभर चालवून त्याची चाल सुधारायची, अशातला प्रकार.

तिसरं वाक्य सगळ्यात शहाणं आणि म्हणूनच सगळ्यात जास्त झोंबणारं. "बॅकअप घेतला नव्हता का?" नव्हता घेतला. चूक कबूल. पण बुडणाऱ्याला काठावरून "पोहायला का शिकला नाहीस" असं विचारण्यात काय पुरुषार्थ आहे? आधी हात द्या, मग शिकवणी घ्या. माझ्या शिक्षकी आयुष्यात मीही पोरांना असंच विचारत आलो, "अभ्यास का नाही केला?" त्या प्रश्नाचा कोणालाच उपयोग होत नाही हे आता सत्तरी उलटल्यावर कळतं आहे. असो.

मग बरोबर रीत कोणती? कारंज्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा एक तरुण प्राध्यापक आहे. भाच्याच्या ओळखीतून त्याच्याकडे गेलो. त्यानं पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? काहीच नाही. डिस्क काढून बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "सर, यात काय आहे? दुसरी प्रत आहे का कुठे? काय मिळालं तर तुम्हाला चालेल?" दुकानात हे कोणी विचारलं नव्हतं. विचारावं असं मलाही सुचलं नव्हतं.

तो म्हणाला, "मी एकदाच जोडून बघतो. टकटक झाली तर मी हात लावणार नाही. मग पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवा, तिथे धूळ नसलेल्या खोलीत उघडतात. घरी मात्र कोणी उघडू नका." फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता, तो सांगितल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. थंड डिस्क बाहेर काढली की दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं, म्हणाला. नशीब, त्या दिवशी टकटक झाली नाही. त्यानं लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याची रीत मला फार आवडली. सोपं आहे ते आधी उतरवून घ्यायचं, जिथे अडेल ती जागा सोडून पुढे जायचं, आणि शेवटी अवघड जागांकडे परत वळायचं. पेपर कसा सोडवावा म्हणून आम्ही मुलांना जे सांगायचो तेच! शिवाय कुठपर्यंत आलो याची तो नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी तिथून पुढे सुरू. तीन दिवसांत दोनदा लाईट गेली. मूळ डिस्कवर त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. सगळी नक्कल नव्या डिस्कवर घेतली आणि जी शोधाशोध करायची ती नकलेवर केली.

नक्कल आधी, दुरुस्ती नंतर. एवढंच शास्त्र आहे, आणि दुकानादुकानांतून नेमकं त्याच्या उलट चालतं.

कोणी म्हणेल, एवढं कुठे वाचतं हो. त्यांना कोलंबिया यानाची गोष्ट सांगतो. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान साठ किलोमीटरहून अधिक उंचीवर तुटलं, आपली कल्पना चावला त्यात गेली. त्यातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क पुढे काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका कोरड्या तळ्यात सापडली, जळून कोळशासारखी झालेली. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं तबकड्या काढून, स्वच्छ करून, दुसऱ्या यंत्रात बसवून वाचल्या. जवळपास ९९ टक्के माहिती मिळाली, आणि झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्धही झाला. आकाशातून पडलेली, जळलेली डिस्क वाचली. आमच्या टेबलावरची सावलीत बसलेली डिस्क मात्र "लय बॅड सेक्टर" म्हणून कोरी करायची. ती त्यांच्याकडे तज्ज्ञांच्या हाती जाईपर्यंत कोणी "फास्ट करून देतो" म्हणालं नाही, हाही फरक आहेच.

आता दुकानदाराची बाजू. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती तक्रार होईल. त्याला एका मशीनमागे तीनशे-चारशे रुपये मिळतात. टेबलावर दहा मशीन पडलेली. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, "आजच पाहिजे." तीन दिवस एका डिस्कची नक्कल घेत बसला तर तो खाईल काय? आणि शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना आत काय आहे याची फिकीर नसते, मशीन चालू झालं की झालं. "संध्याकाळपर्यंत" हा शब्द मीच उच्चारला होता. शिवाय, पाटी भरली की स्वच्छ पुसायची आणि नव्यानं लिहायचं, हे त्याला शाळेत शिकवलं कोणी? आम्हीच.

हे सगळं खरं असूनही एक गोष्ट मी सोडणार नाही. पुसण्याआधी विचारायला पैसे पडत नाहीत. "फॉरमॅट मारू का?" हे विचारणं नव्हे. ज्याला फॉरमॅट म्हणजे काय हे माहीत नाही, त्याचा होकार हा होकार नव्हे. विचारायचं ते असं, "यातलं सगळं पुसलं जाईल. दुसरी प्रत आहे का? नसेल तर आधी नक्कल घेऊ, त्याचे इतके पैसे आणि इतके दिवस." पावतीवर तीन ओळी छापा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. कपडे इस्त्रीला दिले तरी आपल्याकडे "खिसा बघितला का?" असं विचारतात!

आता हे जास्त निकडीचं झालं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. जुनी मशीनं दुकानात येण्याचं, भंगारात जाण्याचं निमित्त झालं. त्यांच्यात किती लग्नाचे फोटो, किती जमिनीच्या कागदांचे स्कॅन, किती कवितांच्या फायली असतील?

आणि नुसतं दुकानदारांवर तोंडसुख घेऊन चालणार नाही. आपण एक विचित्र समजूत करून घेतली आहे की कॉम्प्युटरात टाकलं की झालं, कागद फेकून द्या. शाळा-ऑफिसांतून मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नोंदी "ऑनलाईन" झाल्या म्हणून जुनी रजिस्टरं रद्दीत. हा स्कॅन करणं आणि मूळ जाळणं यांचा जो जोडा आपण लावला आहे, त्याच्या मी विरोधात आहे. माझ्या कॅसेटी भंगारात गेल्या त्या याच समजुतीपायी.

जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. कारंजा लाडच्या जैन भांडारांमध्ये जुन्या हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. दहाव्या शतकातला अपभ्रंश भाषेतला कवी पुष्पदंत याचे ग्रंथ विद्वानांच्या हाती आले त्यात या भांडारांचा वाटा फार मोठा. १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांची जी सूची निघाली, तिच्यात कारंजाच्या पोथ्या नोंदल्या गेल्या. मग कारंजा ग्रंथमालेत १९३१ ला डॉ. प. ल. वैद्यांनी संपादलेलं 'जसहरचरिउ' निघालं, १९३३ ला हीरालाल जैनांचं 'णायकुमारचरिउ'. हजार वर्षांपूर्वीचा मजकूर कसा टिकला? कागद अमर होता म्हणून नव्हे. कागदालाही वाळवी लागते. पिढ्यानपिढ्या कोणीतरी बसून नक्कल करत होता म्हणून. एका पोथीत अक्षर झिजलं तर दुसऱ्या पोथीत सापडतं, संपादक दोन्ही शेजारी ठेवून वाचतो. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा विनवणी करून ठेवायचा, की या पोथीला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. मी चौथी अट मोडली. मूर्ख कोण ते सांगायला नको.

ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आमच्या हिला प्रेरणा तिथूनच. ते दोघेही गेले, पण काम राहिलं. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या, आज कोणालाही ऐकता येतात. कारण ते एका माणसाच्या एका डब्यात अडकून राहिलं नव्हतं.

तर आमचं काय मिळालं? ओव्यांच्या फायली जवळजवळ सगळ्या मिळाल्या. उघडल्या तर रोमन अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टंकलेल्या ना त्या! भाच्यानं त्या बदलून दिल्या, पण ळ, ऱ्ह आणि रफार जागोजागी बिघडलेले. गेले सहा आठवडे मी तेच तपासत बसलो होतो. ब्लॉग बंद होता तो म्हणून. काही फायलींची नावं गेली, नुसते आकडे उरले. त्या उघडून, वाचून ओळखाव्या लागल्या.

त्रेचाळीस रेकॉर्डिंगपैकी एकतीस पूर्ण मिळाली. पाच तुटकी. सात गेली. ती सात आधीच गेली होती, की माझ्या बंद-चालूमुळे गेली, की रात्रभरच्या दुरुस्तीत गेली, हे आता कोणीच सांगू शकत नाही. त्या सातांत रिसोडकडच्या एका म्हातारीचं रेकॉर्डिंग होतं, तिच्या सुनेला मी अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही.

आता नकला तीन आहेत. एक घरात, एक पुण्याला भाच्याकडे, एक इंटरनेटवर. शिवाय ओव्या कागदावर छापून बांधून घेतल्या, त्याची एक प्रत पुतणीकडे पाठवतो आहे. वर्षातून दोनदा उघडून बघायचं, आषाढी आणि कार्तिकी, असं ठरवलं आहे.

विद्यार्थ्याच्या दुकानात परवा जाऊन आलो. रागावलो नाही. मशीनमध्ये नवी डिस्क त्याच्याकडूनच बसवून घेतली. पावतीवर छापायच्या तीन ओळी मी त्याला लिहून दिल्या. "छापतो सर," म्हणाला. छापल्या की इथे कळवीन. तुमच्या गावच्या दुकानातही देऊन पाहा.

तुटक्या पाचांतलं एक काल रात्री पुन्हा लावलं. दोन मिनिटं ऐकू येतं. जात्याची घरघर, एक ओवी, मग हिचा आवाज, "मावशी, अजून एक म्हणा ना." मावशी म्हणते, "म्हणतो माय, दम तं घेऊ दे." आणि तिथे फाईल संपते.